कच्च्या हाताची टेस्टर

माझं काम राक्षसांचं आहे. म्हणजे त्यांना रंगवतात चित्रकारबाई, हलवतो प्रोग्रॅमर, आणि ते कधी मरणार आणि त्याआधी किती छळणार, हे ठरवते मी. आमच्या गेममध्ये एकशे बेचाळीस राक्षस आहेत आणि माझ्या शीटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे सहा रकाने आहेत: जीव किती, मार किती, चिलखत किती, वेग किती, किती लांबून दिसतो आणि मेल्यावर खेळणाऱ्याला काय मिळतं. संध्याकाळी नवरा विचारतो, काय केलंस आज. मी सांगते, दोन अजगरांचा जीव वाढवला आणि एका चेटकिणीचा वेग कमी केला. तो बिचारा मान डोलावतो आणि कपड्यांच्या घड्या घालत राहतो.

लांबून बघणाऱ्याला हे गमतीचं वाटतं. आकडेच तर टाकायचे, असं म्हणणारे मला आजवर खूप भेटलेत. टाका ना मग. जीव थोडा जास्त झाला की खेळणारा वैतागून गेम बंद करतो, थोडा कमी झाला की जांभया देतो. मधे जागा उरते बोटभर, आणि त्या बोटभर जागेत मी सतरा वर्षं संसार करते आहे. त्यामुळे माझ्या आकड्यांना कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत आहे.

यातली खरी अडचण अशी, की राक्षस नव्या माणसाला किती जड जाईल हे आम्हाला खेळून कळत नाही. आम्ही सगळे पिकलेले. म्हणून आम्ही एक कच्चा हात ठेवतो. जन्मात कधी गेम न खेळलेलं माणूस पगारावर आणायचं, त्याला रोज राक्षसांपुढे उभं करायचं आणि कितव्या डावात जमतं ते लिहून घ्यायचं. नियम साधा आहे: नव्या माणसाला नवा राक्षस चौथ्या डावाच्या आसपास मारता आला पाहिजे. दहा डाव लागले तर मी राक्षसाचा जीव कमी करते, पहिल्याच डावात मेला तर वाढवते. पण हात कच्चा राहत नाही ना. तीन-चार महिन्यांत बोटांना सवय होते, मग त्या माणसाला निरोप द्यायचा आणि दुसरं आणायचं. आम्ही एक बस कंडक्टर, एक निवृत्त ग्रंथपाल, एक न्हावी आणि दोन गृहिणी, अशी माणसं वापरून संपवली. हा नियम साहेबांचा, म्हणजे आमच्या मालकांचा, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग नवीनबाई आल्या. नव्या आल्या म्हणून नवीनबाई, आणि चार वर्षं झाली तरी तेच नाव चिकटलेलं. पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, जाड भिंगांचा चष्मा. शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर बावीस वर्षं होत्या, मग कारखाना बंद पडला. नवरा आधीच गेलेला, राहायला भावाच्या घरी. पहिल्या दिवशी मी त्यांना टेस्टिंगच्या खोलीत बसवलं, कंट्रोलर हातात दिला आणि माझ्या नेहमीच्या गोडव्याने सांगितलं, "हरायची लाज बाळगू नका. इथे हरण्याचाच पगार मिळतो. ज्या दिवशी सटासट जिंकायला लागाल, त्या दिवशी तुमचं काम संपलं." त्या "बरं" म्हणाल्या आणि चष्मा पुसून बसल्या.

तीन महिने झाले, सहा झाले, वर्ष झालं, नवीनबाईंचा हात काही पिकेना. साहेब तर हरखून गेले. म्हणाले, असं माणूस शोधून सापडत नाही, जपा. चहाच्या वेळी सगळे त्यांना चिडवायचे, मीही चिडवायचे. "काय नवीनबाई, आज कोणाच्या तावडीत?" त्या हसून सांगायच्या, "आज घोरपड. शेपटीनेच भिरकावलं मेलीने." दुपारी आम्ही दोघी खिडकीपाशी डबे उघडून बसायचो. मला त्या आवडायच्या, आता सांगायला काय हरकत आहे. ऑफिसात माझ्याशी वाद न घालणारं दुसरं कोणी नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला आम्ही गेम बाहेरच्या तीनशे लोकांना खेळून बघायला दिला. बाजारात आणायच्या आधी तसा देतात. गेल्या सोमवारी त्यांचे अभिप्राय आले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमचा दलदल्या म्हणून एक राक्षस आहे, चिखलातून उठतो, त्याच्या पाठीवरच्या शेवाळावर चित्रकारबाईंनी तीन आठवडे घालवलेत. तो लोकांची झोप उडवणार, असा आमचा बेत होता. एकाने लिहिलं होतं, एका हातात चहाचा कप धरून मारला, चहा गारसुद्धा झाला नाही. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने हेच. चित्रकारबाई माझ्याकडे न बघता प्रिंटरकडे गेल्या, काही प्रिंट काढायचं नसताना.

साहेबांनी बोलावलं. "तुझे आकडे मऊ पडलेत," ते म्हणाले.

"माझे आकडे कच्च्या हातावर बसवलेत. एकशे बेचाळीसच्या एकशे बेचाळीस राक्षस चौथ्या डावाच्या आसपास आहेत. शीट उघडून बघा."

"मग हे तीनशे लोक काय आकाशातून पडलेत?"

"ते मला नाही माहीत."

"माहीत करून घे. तीन आठवड्यांवर आलंय सगळं," ते म्हणाले, आणि आवाज न चढवता म्हणाले म्हणून मला जास्तच लागलं.

मी फणफणत जागेवर आले. आता मला सिद्धच करायचं होतं की चूक माझी नाही. आमचा गेम प्रत्येक डावाची दोन प्रकारची नोंद ठेवतो. एक साधी, जिंकला की हरला, कितव्या डावात. ती मी रोज बघते. दुसरी बारीक, कोणतं बटण कोणत्या क्षणी दाबलं याची. ती कोणी बघत नाही, कारण एका लढाईची पाच-पाच पानं होतात. मी मंगळवारी सकाळी ती उघडली आणि दुपारपर्यंत तिच्यातून मान वर केली नाही.

नव्या माणसाचं मरण गबाळं असतं. तो लढाईत चुकून पिशवी उघडतो, स्वतःच्याच सोबत्याला मारतो, पुलावरून खाली पडतो, भिंतीला तोंड लावून उभा राहतो आणि मागून राक्षस येऊन त्याला खातो. ग्रंथपालांची सगळी मरणं अशी होती. नवीनबाईंच्या पहिल्या काही महिन्यांत असली मरणं सापडली, आणि नंतर एकदम बंद. नंतरच्या नोंदीत काय दिसलं, तर दलदल्याचे अकरा वार ओळीने चुकवलेत, एकही चुकीचं बटण नाही, त्याचा जीव चिमूटभर उरलाय, आणि तिथे बाईंनी हात खाली ठेवलेत. बारावा वार सरळ अंगावर घेतलाय. मी दुसरी लढाई उघडली, तिसरी उघडली, शंभरावी उघडली. सगळीकडे तेच.

मी कागद छापून तडक टेस्टिंगच्या खोलीत गेले. त्या नेहमीसारख्या पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या, पडद्यावर घोरपड शेपटी आपटत होती.

"अकरा वार चुकवलेत तुम्ही," मी कागद पुढे टाकला. "मग हात खाली ठेवलेत. का?"

त्यांनी कागद पाहिला, मग खेळ थांबवला. "हे दिसतं का?"

"दाबलेलं बटण दिसतं, न दाबलेलंही दिसतं."

"चार वर्षांत कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, नसेल दिसत."

बघायचं काम माझंच होतं.

"सात-आठ महिन्यांतच हात बसला होता, ताई," त्या म्हणाल्या. "काजांच्या मशीनवर बसला होता तसाच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून घरी जाऊ?" त्यांनी चष्मा काढला. "कारखाना बंद झाल्यावर चौदा महिने घरी होते. वहिनी वाईट नाही हो. पण मी खुर्चीत बसले की तिला नेमकी तीच खुर्ची पुसायची असायची. मी ओट्यापाशी गेले की तिचं तिथेच काम निघायचं. आता सकाळी आठला बाहेर पडते आणि संध्याकाळी परत येते, तर दार उघडताना विचारते, वन्सं, दमलात का. तेवढ्यासाठी मी रोज मरते इथे. मरायला काय, सवय होते."

मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच आला. "अहो, पण तुमच्या त्या मरण्यावर मी एकशे बेचाळीस राक्षस मऊ करून ठेवले."

"मी मनाला येईल तशी नाही हरले," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा दुखावल्यासारखा झाला. "पहिल्या दिवसांत मी जशी होते ना, तशी खेळायचे. प्रत्येक वेळी आठवायचे. ती बाई याच्यापुढे किती वेळा मेली असती, तेवढ्याच वेळा मरायचं. तुम्हाला कच्चा हात हवा होता. तो मी प्रामाणिकपणे दिला."

"आणि कशी होती ती बाई?"

"ढ. अगदीच ढ. तो पहिला काटेरी बेडूक आठवतो ना? वीस वेळा खाल्लं त्याने मला."

ती नोंद माझ्या हातातच होती, सुरुवातीपासूनची सगळी छापून आणली होती. मी पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "चार वेळा. पाचव्याला तुम्ही त्याला मारलंत."

"छे हो."

"तारीख बघा, वेळ बघा. या बेडकाचे आकडे मी कधी बदलत नाही, त्याच्यावर नवा हात मोजते. तो मारायला ग्रंथपालांना अकरा डाव लागले, न्हाव्याला नऊ. कंडक्टर तर रडायच्या बेतात होते. हा दुसऱ्या दिवशीचा सांगाडा, तुम्ही तिसऱ्या डावात पाडलाय. आमच्याकडे जेवढे कच्चे हात आले, त्यांत सगळ्यात चांगला पहिला आठवडा तुमचा आहे."

त्यांनी चष्मा परत लावला आणि ओळीखाली बोट धरून ते पान वाचलं. मग दुसरं वाचलं. घोरपड पडद्यावर एक पाय वर करून थांबून राहिली होती.

"मला तर वीसच आठवतात," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, हिच्या हाताला वळण नाही. मग सासूबाई तेच म्हणाल्या, मग कारखान्यातला मुकादम. मी तेच धरून बसले."

म्हणजे मी चार वर्षं माझे राक्षस तोलत होते ते एका अशा बाईवर, जी कधी नव्हतीच. ती फक्त यांच्या डोक्यात होती, लोकांनी सांगून सांगून बसवलेली. त्या बाईला झेपावं म्हणून मी दलदल्याचा जीव दोनदा कापला होता.

घरी जाताना मी सगळं जुळवून टाकलं. पहिल्या आठवड्याच्या खऱ्या नोंदी हाताशी होत्या. त्यांच्यावरून सगळे आकडे गुपचूप वर नेता येणार होते, साहेबांना काहीतरी गोलमाल कारण सांगता येणार होतं. बुधवारी मी नऊला पोचले आणि थेट टेस्टिंगच्या खोलीत शिरले.

"कोणाला काही सांगायचं नाही," मी म्हणाले. "तुम्ही शीटमध्ये नेहमीसारख्या हरत राहा. खरं काय ते मला वेगळं सांगा. जागा जाणार नाही तुमची."

त्या आठपासून येऊन बसल्या होत्या. डाव लिहायची शीट पडद्याच्या बाजूला उघडी होती आणि तेवीस राक्षसांपुढे त्यांनी लिहिलं होतं, पहिला डाव, पहिला डाव, पहिला डाव. ही शीट साहेबांच्या पडद्यावरही त्याच वेळी उघडी असते.

"नको, ताई," त्या चोविसाव्याशी लढता लढता म्हणाल्या. "मला हरायचा कंटाळा आलाय."

अकरा वाजता साहेब आले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. नवीनबाईंनी तीन तोंडांची घोरपड अंगावर ओरखडाही न घेता पाडली. "पिकला की हात," साहेब म्हणाले, दूध उतू गेल्यावर म्हणतात तसं. मी त्यांना बाहेर घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. बारीक नोंद मी चार वर्षं उघडली नाही, चूक माझी आहे, शिक्षा करायची तर मला करा, असंही म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. साहेब वाईट माणूस नाहीत, तेच तर अवघड आहे.

"तू बघितलं नाहीस ही तुझी चूक, त्यांनी लपवलं ही त्यांची," ते म्हणाले. "दोन्ही सोडून देऊ. पण ती जागा कच्च्या हाताची आहे. पिकलेला हात तिथे ठेवून काय करू?"

"दुसरं काहीतरी काम देऊ."

"कोणतं? तू सांग, मी देतो."

मला काही सुचलं नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर त्याची. शुक्रवार हा त्यांचा शेवटचा दिवस ठरला.

बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारची दुपार आम्ही दोघींनी मिळून राक्षस कडक केले. त्या खऱ्या खेळायच्या, मी शेजारी बसून जुन्या नोंदी बघत आकडे चढवायचे. चित्रकारबाई कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या त्या गेल्याच नाहीत. दलदल्याचा जीव दुप्पट झाला तेव्हा त्या माझ्याशी परत बोलायला लागल्या. नवीनबाई कोणाकडे बघत नव्हत्या. मान पुढे, बोटं चाललेली, आणि वार चुकवला की ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू. चार वर्षं मी या बाईच्या शेजारी बसून डबा खाल्ला आणि हा चेहरा मला माहीत नव्हता.

शुक्रवारी चार वाजता शेवटचा राक्षस झाला. त्यांनी हात झटकले आणि म्हणाल्या, "ताई, आता मला एक वेगळा करून द्या. मी खरोखर हरेन असा."

आमच्याकडे न रंगवलेला एक राक्षस पडून होता. त्याला अजून तोंड नव्हतं की शेपूट नव्हती, नुसता करड्या रंगाचा ठोकळा. मी त्याच्यासमोर सहा आकडे भरले. मला या बाईंचा खेळ आता पाठ होता. त्या डावीकडे जास्त सरकतात, वाराआधीच्या हालचालीची वाट बघतात, आणि शेवटी समोरच्याचा जीव चिमूटभर उरला की सैल पडतात, कारण तिथे मरायची त्यांच्या बोटांना सवय. एक सातवा आकडा घालून मी ठोकळ्याला नेमका तिथेच जोर दिला.

चाळीस सेकंदांत तो त्यांच्यावर बसला.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "परत," म्हणाल्या. परत मेल्या. "परत." पाचव्या डावात त्यांचे कान लाल झाले. सातव्यात त्या ठोकळ्याला अशा शिव्या घालायला लागल्या की चित्रकारबाई ठसका लागून बाहेर गेल्या. "मेल्या, थांब तू. तोंड नाही तर इतका माज, तोंड आल्यावर काय करशील." मी हसून हसून डोळे पुसत होते. नवव्या डावात अगदी जवळ आल्या, केसाएवढा जीव उरला होता त्याचा, आणि तिथे त्याने त्यांना आडवं केलं. त्यांनी हात खाली ठेवले नव्हते. शेवटच्या क्षणापर्यंत बटणावर बटण पडत होतं, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं.

सहा वाजले. बाहेर दिवे बंद व्हायला लागले होते. त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि पर्सकडे हात नेला. "सोमवारी बघते याच्याकडे," त्या म्हणाल्या.

मग त्यांचा हात पर्सवरच थांबला.

"या," मी म्हणाले. "नऊला या. तो इथेच आहे."

"आणि साहेब?"

"साहेबांचं मी बघते."

असं म्हणायचा मला काडीचा अधिकार नव्हता. त्या गेल्यावर मी साहेबांच्या खोलीशी जाऊन आले, पण ते केव्हाच निघून गेले होते.

आज रविवार. साहेब उद्या परत विचारतील, काय काम आहे त्यांना इथे, आणि माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. नवरा म्हणतो, सकाळपासून तू ती शीट तीनदा उघडलीस. उघडली. त्या ठोकळ्याचा जीव मी दोनच आकड्यांनी कमी ठेवला असता, तर नवीनबाई शुक्रवारीच जिंकल्या असत्या आणि समाधानाने घरी जाऊन तिथेच राहिल्या असत्या. मी तो कमी केलेला नाही आणि करणारही नाही. उद्या नऊला त्यांना यावंच लागेल.